अडगळीतल्या सामानातून व्हॉल्व्ह अँप्लिफायर : सिंगल-एंडेड की पुश-पुल?

मेलेल्या रेडिओंचं सामान साठलेलं असलं की हा प्रश्न पडतोच. सिंगल-एंडेडमध्ये स्पीकर चालवायला एकच आउटपुट व्हॉल्व्ह (काचेची निर्वात नळी) असते, पुश-पुलमध्ये एकमेकींच्या उलट ओढणाऱ्या दोन. मी दोन्ही प्रकार बांधले आहेत, दोन्ही चालू स्थितीत आहेत. पण रोज बटण दाबलं जातं ते एकाचंच.

कागदावर पुश-पुल सरळ जिंकतो. ईएल८४ ही आउटपुट व्हॉल्व्ह एकटी, सिंगल-एंडेडमध्ये, साडेपाच वॅटच्या आसपास देते. तिचीच जोडी ३०० व्होल्टवर १७ वॅटपर्यंत जाते. पण तिप्पट वॅट म्हणजे तिप्पट आवाज नव्हे, फरक जेमतेम ५ डेसिबलचा. स्पीकर थोडक्या पॉवरवर मोकळा वाजणारा असेल तर घरात एवढ्याने अडत नाही. आळशी स्पीकर असेल तर मात्र अडतं, हे कबूल.

दुसरी गोष्ट घुमण्याची. पुश-पुलमध्ये सप्लायची गुणगुण आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) दोन अर्ध्या भागांत एकमेकांना मारते, त्यामुळे फिल्टर साधा असला तरी खपून जातो. सिंगल-एंडेडमध्ये ती थेट स्पीकरवर येते. चोक (गुणगुण अडवणारी, लोखंडी गाभ्यावरची तारेची गुंडाळी) घालावा लागतो, नाहीतर रेझिस्टर-कपॅसिटरचा आणखी एक टप्पा. हीटरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या, तारांना नीट पीळ द्यायचा, ग्राउंड एका जागी आणायचं. एक संध्याकाळ जाते, पण काम एकदाच करायचं असतं.

पुश-पुलचं दुखणं मात्र संपत नाही आणि माझा कौल तिथेच फिरला. त्याला जोडी लागते, आणि अडगळीत जोडी नसते. एक ईएल८४ एका रेडिओतली, वर्षानुवर्षं राबलेली. दुसरी कुठल्या तरी टेपरेकॉर्डरमधली, जवळजवळ कोरी. दोन्ही कॅथोडना (व्हॉल्व्हचं इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) २७० ओहमचा रेझिस्टर लावून मीटर धरला, तर एकीकडे साडेअकरा व्होल्ट, दुसरीकडे साडेआठ. म्हणजे १० मिलिअँपिअरहून जास्त तफावत. पुश-पुलच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात सहसा फट नसते, कारण दोन्हीकडचा डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) एकमेकांना तोडेल असं गृहीत धरलेलं असतं. तो तुटला नाही की गाभ्याचं चुंबकत्व एका बाजूला झुकतं आणि खालचे सूर गिळगिळीत होतात. बैलजोडीतला एक ओढतोय आणि दुसरा रेंगाळतोय, तसला प्रकार. व्हॉल्व्ह बदलून पाहा, सॉकेट बदलून पाहा; जुळलं असं वाटतं तोवर एखादी थकते आणि पुन्हा मीटर काढावा लागतो. स्टीरिओ करायचा तर अशा दोन जोड्या हव्यात.

सिंगल-एंडेडला व्हॉल्व्ह एकटी चालते. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात फट असते, डीसी त्याने धरलेलाच असतो. व्हॉल्व्ह थोडी थकलेली असली तर आवाज किंचित दबतो, एवढंच. शिवाय रेडिओतून निघणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बहुधा याच जातीचा. मुठीत मावेल एवढा असला तर खर्जात तो दम टाकतो, हे खरं. एखाद्या मोठ्या रेडिओतला धष्टपुष्ट नग हाती लागला तर सोडू नका. जागा कमी असेल तर ईसीएल८२ घ्या, ड्रायव्हर (आउटपुटला सिग्नल पुरवणारा भाग) आणि आउटपुट एकाच काचेत. वॅट अजून कमी मिळतील, पण माझ्या टेबलावर ती कुरकुरत नाही.

दोन्हीकडे एक पथ्य आहे. जुना कागदी कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल नेणारा) कितीही देखणा दिसला तरी परत लावू नका. तो गळायला लागला की ग्रिडवर (व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणारी जाळी) पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं आणि प्लेट (तो प्रवाह गोळा करणारा पत्रा) लाल व्हायला वेळ लागत नाही. हा एक नग नवाच घ्यावा.

तुमच्याकडे आधीपासून जुळलेल्या जोड्या असतील, पुश-पुलचा चांगला ट्रान्सफॉर्मर पडून असेल, खोली मोठी असेल, तर माझं ऐकू नका, पुश-पुलच बांधा. फक्त दोन्ही कॅथोडना मिळून एकच सामाईक रेझिस्टर देण्याचा मोह टाळा. प्रत्येकीला वेगळा रेझिस्टर आणि त्यावर वेगळा बायपास कपॅसिटर (रेझिस्टरला समांतर, सिग्नलला वाट देणारा) दिला की जास्त ओढणारी व्हॉल्व्ह स्वतःला थोडीफार आवरते, आणि मीटर कुठे लावायचा हेही शोधावं लागत नाही.