केम्बल की गाइड टू फार्माकॉलॉजी?

पुण्यातल्या फार्मसी कॉलेजांत एम. फार्म.चा प्रबंध सुरू झाला की टार्गेटच्या, म्हणजे औषध ज्या प्रथिनावर काम करतं त्याच्या, माहितीसाठी केम्बल आणि गाइड टू फार्माकॉलॉजी या दोन मोफत डेटाबेसपैकी एक उघडला जातोच. आधी गाइड उघडा. तिथली माहिती मोजकी, पण तज्ज्ञ समित्यांच्या नजरेखालून गेलेली. रिसेप्टरच्या पानावर कोणता लिगंड (रिसेप्टरला चिकटणारा रेणू) अ‍ॅगोनिस्ट म्हणजे त्याला चालू करणारा, कोणता अँटॅगोनिस्ट म्हणजे त्याला अडवणारा, माणसात की उंदरात, हे चहा गार व्हायच्या आत कळतं. क्यूसारसाठी (रेणूच्या रचनेवरून त्याचा परिणाम वर्तवणाऱ्या मॉडेलसाठी) शेकडो रेणू हवे असतील, तर मात्र इथे भागणार नाही.

त्यासाठी केम्बल. खरी मेहनत डाउनलोडनंतरची. सीएसव्ही फाइलीत स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम असतो, म्हणून एक्सेलमध्ये सगळं एकाच रकान्यात कोंबलं जातं. 'टेक्स्ट टू कॉलम्स'मध्ये सेमीकोलन निवडा. मग गाळणी लावा: मानवी प्रथिन, बाइंडिंग चाचणी, कॉन्फिडन्स स्कोअर ९ (टार्गेट म्हणून थेट एकच प्रथिन नेमलेलं), चिन्ह फक्त '=' (म्हणजे '>' किंवा '<' नाही, नेमकी किंमत). केआय (इनहिबिटर किती घट्ट चिकटतो याचं माप) आणि आयसी५० (क्रिया निम्म्यावर आणणारं प्रमाण) एकाच रकान्यात मिसळू नका. स्पर्धक इनहिबिटरचा आयसी५० सब्स्ट्रेटच्या (एन्झाइम ज्यावर काम करतं त्या रेणूच्या) प्रमाणानुसार बदलतो. केम्बलमधला पीकेम्बल हा आकडा म्हणजे मोलरमधल्या अशा किमतीचा ऋण लॉग: १० नॅनोमोलरला ८, १ मायक्रोमोलरला ६. एकाच रेणूच्या दोन नोंदींच्या पीकेम्बलमध्ये बरोब्बर ३ चा फरक दिसला, तर मूळ शोधनिबंध काढून बघा. नॅनो-मायक्रोची गफलत असू शकते.