माइल की टीटी? एकच रविवार हाताशी असेल तर

शिकागोच्या आसपास राहणाऱ्याने डर्ट ट्रॅक, म्हणजे मातीवरची मोटरसायकल शर्यत, एकदा प्रत्यक्ष बघायचाच म्हटलं की दोन नावं पुढे येतात: स्प्रिंगफील्डची माइल, म्हणजे मैलभराच्या ट्रॅकवरची शर्यत, आणि पिओरियाची टीटी, म्हणजे उडी आणि उजवं वळण असलेल्या ट्रॅकवरची. दोन्हीकडे सकाळी निघून रात्री घरी परतता येतं. मी दोन्ही पाहिल्यात.

मानाचं म्हणाल तर स्प्रिंगफील्डला तोड नाही. १९४६ ते १९५३ या काळात अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता तिथल्या एका शर्यतीवर ठरायचा आणि १ नंबरची पाटी त्याच्या गाडीवर चढायची. वर्षभराचे गुण मोजणं आलं ते १९५४ पासून. मैलभराचा अंडाकृती मातीचा ट्रॅक, सगळी वळणं डावी, गाडीला पुढचा ब्रेकच नाही आणि वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे. शेवटच्या वळणातून पहिला बाहेर पडणारा पुष्कळदा फसतो. त्याच्या आडोशाने वारा चुकवत आलेला मागचा गडी ऐन रेषेवर त्याला मागे टाकतो.

माइलवर इंजिनाची ताकदही लागतेच. १९७५ साली इंडियानापोलिसच्या माइलवर केनी रॉबर्ट्सने डांबरी ट्रॅकवरच्या रोड रेसिंगचं चार सिलिंडरचं यामाहा इंजिन मातीत आणून हार्लीवाल्यांना शेवटच्या क्षणी गाठलं. पुढे त्या इंजिनावर बंदीच आली!

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच गोष्टीवर. कुठल्याही माइलला स्टँडमध्ये बसा, पलीकडच्या सरळ पट्ट्यावर गाड्या म्हणजे धुळीतले ठिपके. निम्मी ओव्हरटेकिंग तिथेच होतात. बायको दर फेरीला विचारायची, "आता पुढे कोण?" आणि मी आपला चौथ्या वळणाकडे डोळे लावून गप्प. लाउडस्पीकरवर नाव सांगतात, पण नेमकं तेव्हाच गाड्या समोरून जातात. तिसऱ्या शर्यतीनंतर तिने विचारणंच सोडलं.

पिओरियाला ट्रॅक खोलगट दरीत आणि प्रेक्षक उतारावर. सगळी शर्यत डोळ्यांखाली. टीटीत एक उडी असते आणि निदान एक उजवं वळण, आणि गंमत त्या वळणात आहे. पोलादी तळ असतो फक्त डाव्या बुटाला. वर्षभर डावा पाय मातीत घासत वळणारे हे लोक उजवीकडे वळताना जरा अवघडल्यासारखे दिसतात. जो अवघडत नाही, तो लगेच ओळखू येतो. शर्यतीनंतर एक पोरगा आमच्या शेजारून चालत गेला: एक पाऊल मुकं, दुसरं खण्ण.

आणि माइल म्हणजेच डर्ट ट्रॅक, असंही नाही. माइल, हाफ-माइल, शॉर्ट ट्रॅक, टीटी आणि रोड रेस, सगळे एकाच अजिंक्यपदात मोजले जायचे. हे पाचही प्रकार जिंकणारे चौघंच: डिक मान, केनी रॉबर्ट्स, बबा शोबर्ट आणि डग चँडलर.

ज्याला नुसता वेग अंगावर घ्यायचाय, त्याने खुशाल माइल गाठावी, मी अडवणार नाही. सोबत नवखं कुणी असेल तर मात्र पिओरिया. यंदाच्या तारखा आधी बघून घ्या, आणि सतरंजीपेक्षा घडीची खुर्ची न्या. उतारावर सतरंजी घसरते.