बारावी फिजिक्सची ६० रुपयांची सूत्रपुस्तिका: घ्या, पण पेन जवळ ठेवा

वर्धा-यवतमाळकडच्या तालुक्याच्या गावांत, बसस्टँडसमोरच्या पुस्तकांच्या दुकानांत ही मिळते. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी आणि किरणोत्साराची एककं, एवढाच विषय. दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हाती आलेल्या खेड्यातल्या पोरांना ती कामाची आहे: समजावणं मराठीत, संज्ञा पेपरात येतात तशाच.

सगळ्यात चांगलं पान लॉगटेबलचं. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही आणि गणित अडतं ते तिथेच. उदाहरण ५४ व्होल्टने वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनच्या तरंगलांबीचं. १.२२८ ला व्होल्टच्या वर्गमुळाने भागायचं, उत्तर नॅनोमीटरमध्ये. १.२२८ चा लॉग ०.०८९२, ५४ चा १.७३२४, त्याचा निम्मा ०.८६६२. वजाबाकी उणे ०.७७७०. इथे बरेच जण थेट .७७७० चा अँटिलॉग घेतात आणि ५.९८ लिहून मोकळे होतात. आधी उणे १ बाजूला काढायचा, म्हणजे बार १ (डोक्यावर रेघ असलेला १, अर्थ उणे १) आणि पुढे .२२३०; मग उत्तर ०.१६७. ही पायरी चौकटीत दिली आहे. शेजारी १९२७ सालच्या डेव्हिसन-जर्मर प्रयोगात (इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो हे त्यातून दिसलं) मोजलेली ०.१६५ आहे, त्यामुळे पडताळाही होतो.

मात्र हेच सूत्र पुढे १ लाख व्होल्टला लावलंय, ते चूक. तिथे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने जातो. सापेक्षतेची दुरुस्ती केली की ३.८८ ऐवजी ३.७० पिकोमीटर येतं.

किरणोत्साराचा भाग कच्चा आहे. १ क्युरी म्हणजे ३,७०० कोटी बेकरेल, हे बरोबर. पण मिलिक्युरीसमोर ३७,००० छापलंय. तो आकडा मायक्रोक्युरीचा, मिलिक्युरीचे ३.७ कोटी. त्याच तक्त्यात सीव्हर्टही घातलाय. बेकरेल सेकंदाला किती अणुकेंद्रकांचा ऱ्हास झाला ते सांगतं, सीव्हर्ट शरीराला पोचलेल्या मात्रेचा धोका. एकाला ठरावीक आकड्याने गुणून दुसरं निघत नाही.

लॅम्डाचा घोळ तर सांगायलाच हवा. तरंगलांबीलाही लॅम्डा, ऱ्हास-स्थिरांकालाही (अणुकेंद्रकांचा ऱ्हास किती वेगाने होतो तो आकडा) लॅम्डा, आणि फरक कुठेच सांगितलेला नाही. १ मिलिग्रॅम कोबाल्ट-६० मध्ये सेकंदाला किती ऱ्हास होतात, या गणितात ५.२७ वर्षांच्या अर्धायुष्याचे (निम्मी अणुकेंद्रकं संपायला लागणारा काळ) सेकंद करायची पायरीही गाळली आहे. ती विसरली की उत्तर ३ कोटी पटीने फुगतं. खरं उत्तर सुमारे ४,१८० कोटी बेकरेल, म्हणजे १.१३ क्युरी.

पैसे देण्याआधी लॉगटेबलचं पान उजेडात धरून बघा. काही प्रतींत दशांशचिन्हं उमटलेलीच नाहीत.