टाक्यातलं पाणी गाळायला काय न्यावं: कॅनव्हासची पिशवी, नायलॉनची जाळी की जुनी साडी?

उन्हाळ्यात गडावरच्या टाक्यांचा तळ दिसू लागला की पाणी गाळल्याशिवाय पातेल्यात ओतायची सोय राहत नाही. कापडी गाळणी कुठलीही घेतली तरी काडीकचरा अडतोच. खरा फरक पडतो तो धुताना आणि वाळवताना, म्हणून निवडही त्यावरूनच करावी.

घट्ट विणीच्या कॅनव्हासची टांगती पिशवी तिन्हींत सगळ्यात बारीक गाळते. मातकट पाणीही बरंच निवळून येतं. आधी ती पूर्ण भिजवायची, म्हणजे सुताचे धागे फुगून वीण आवळते. भरून टांगल्यावर बाहेरच्या अंगावरून ओघळणारं कच्चं पाणी चार-पाच मिनिटं जमिनीवर पडू द्यायचं आणि मगच खाली भांडं ठेवायचं. पाणी थेंबाथेंबानेच येतं, त्यामुळे मुक्कामाला पोचल्या-पोचल्या ती टांगावी. थेंब फारच रेंगाळू लागले की विणीत गाळ बसला असं समजावं. मग पिशवी उलटी करून गाळलेल्या पाण्यात खळबळायची आणि शिवणीवरून मऊ ब्रश फिरवायचा. साबण लावू नये, त्याचा वास आणि चव पुढच्या पाण्यात उतरते. घरी आल्यावर साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळून काढावी.

हिची अडचण वाळवण्याची. वरून कोरडी लागली तरी तळाच्या दुहेरी शिवणीत ओल असते. तशीच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली की काळे ठिपके येतात, कुबट वास बसतो आणि पुढे सूत कुजून शिवणच सुटते. उलटी करून कडक उन्हात शिवण खणखणीत वाळेपर्यंत ठेवावी आणि सुती पिशवीत घालून ठेवावी, पण डांबराच्या गोळ्यांच्या कपाटात मुळीच नाही. पावसाळी ट्रेकला ही नेऊच नये.

नायलॉनची जाळी झटकली की अर्ध्या तासात वाळते, साबणही चालतो. नारूच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या कृमिरोगाच्या) निर्मूलनात साधारण १०० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अशीच जाळी वापरली गेली, कारण नारू पसरवणारा सायक्लॉप्स हा पाण्यातला बारीक जीव तिच्यात अडकतो. (भारत फेब्रुवारी २००० मध्ये नारूमुक्त जाहीर झाला.) बारीक गाळ मात्र आरपार जातो. पिळली, घासली तर धागे सरकून भोकं मोठी होतात. उन्हाने नायलॉन कमकुवत होतं, म्हणून सावलीत वाळवावी. आणि चुलीपासून लांब, ठिणगीने लगेच भोक पडतं.

सुती साडीच्या चार घड्या साधारण २० मायक्रॉनपर्यंत गाळतात. जुनी साडी नव्यापेक्षा सरस, कारण धुऊन-धुऊन धागे पिंजतात आणि वीण भरते. बांगलादेशातल्या खेड्यांत हा उपाय पटकीवर अजमावला गेला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रुग्ण ४८ टक्क्यांनी घटलेले दिसले. दर वेळी धुऊन शेवटचं पाणी गाळलेलंच घ्यावं आणि उन्हात वाळवावी. दोन-तीन दिवसांच्या कोरड्या ट्रेकला एवढं पुरतं.

आमची पसंती: पावसाळ्यात जाळी, उन्हाळी लांब मुक्कामाला कॅनव्हास. तिन्हींना एक नियम सारखाच. एका कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचा टाका घालून वरची बाजू ठरवून टाकावी, नाहीतर दुसऱ्या वेळी अडकलेली घाण पाण्यातच उतरते.

साडीने पटकी घटली तरी जिवाणू-विषाणू कापडाने पूर्णपणे थांबत नाहीत. गाळलेलं पाणी खळखळून एक मिनिट उकळावं; २००० मीटरच्या वर, म्हणजे हिमालयात, तीन मिनिटं. कळसूबाईवर (१६४६ मीटर) एक मिनिट पुरे. क्लोरीन वापरणार असाल तर आधी गाळणं आणखी गरजेचं, कारण गढूळ पाण्यात ते गाळावरच खर्च होऊन जातं.