चितेगावचा टीव्ही, वाळूजची गाडी

छत्रपती संभाजीनगरहून पैठण रोडला चितेगाव, नगर रोडला वाळूज. १९८०च्या दशकापासून मराठवाड्यातली आयटीआय झालेली पोरं या दोन औद्योगिक पट्ट्यांत कामाला लागली.

चितेगावच्या व्हिडिओकॉनचा रंगीत टीव्ही म्हणजे घराची शान. वर भरतकामाचं कापड टाकलेलं. पण कंपनीचे मालक, धूत मंडळी, कर्ज काढून तेल-वायूत आणि मोबाइल सेवेत शिरली. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल सेवेचे टूजी परवाने रद्द केले, त्यात व्हिडिओकॉनचेही गेले. टीव्हीत एलजी-सॅमसंग केव्हाच पुढे गेले होते. २०१८मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

वाळूजच्या बजाजने २००९मध्ये चक्क स्कूटर बंद करायचं ठरवलं आणि सगळा जोर मोटारसायकलींवर लावला. धूत मंडळींच्या नव्या धंद्यांपेक्षा मला हा निर्णय जास्त धाडसाचा वाटतो. व्हिडिओकॉन बुडाली, पण चितेगावच्या कामगारांचं कसब तसूभरही कमी नव्हतं.