टेपचं ऑपरेशन: खोकल्याची गळती थांबली, घाईची नाही

होळीच्या आधी लघवी गळते त्यासाठी टेप बसवून घेतली, आता आंब्याला मोहोर आलाय, म्हणजे बरेच महिने वापरून झालेत, म्हणून लिहिते. आमच्याकडे रत्नागिरी बाजूला ह्यावर कोण बोलतच नाही, दोन पोरं झाली की होतंच म्हणायचं आणि पॅड लावून फिरायचं. शिंकलं की ओलं, तांदळाचं पोतं उचललं की ओलं, आंबा घाटात एसटी आदळली की ओलं. गौरी-गणपतीत फुगडी तर बंदच केलेली, गुडघे दुखतात सांगून.

कोल्हापूरच्या डॉक्टर मॅडमनी आधी ऑपरेशनचं नावच काढू दिलं नाही. तीन महिने केगेल, म्हणजे लघवी रोखून धरायचे स्नायू आवळायचा व्यायाम, एका वेळी आठ वेळा आवळायचं, असं दिवसातून तीनदा, आणि बरोबर स्नायू आवळतेय का ते त्यांनी स्वतः हात घालून तपासलं, कारण बऱ्याच जणी नुसतं पोट नाहीतर कुल्ले आवळत बसतात. शिंकेला जरा फरक पडला, पोत्याला नाही. मग लघवी तुंबवून खोकायला लावलं, जाऊन आल्यावर मागे किती उरते त्याची सोनोग्राफी केली, आणि तीन दिवस वही लिहायला सांगितली, किती प्यायले, कधी गेले, कधी गळलं. ह्या वहीला कंटाळू नका, त्यातूनच कळलं की माझी गळती दोन प्रकारची आहे. जोर पडला की गळते ती एक, आणि दाराला चावी लावेपर्यंत धीर धरवत नाही ती दुसरी. ऑपरेशन फक्त पहिलीवर, हे मॅडमनी दोनदा बजावलं, घरच्यांसमोर.

आता पर्याय. टेप म्हणजे पॉलिप्रोपिलीनची साधारण सेंटीमीटरभर रुंद जाळीची पट्टी, लघवीच्या नळीच्या मधल्या भागाखाली सैलच ठेवतात, ओढून बांधत नाहीत, खोकताना नळीला खालून आधार मिळतो एवढंच तिचं काम. १९९६ मध्ये स्वीडनच्या उल्मस्टेन डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. त्यात परत दोन वाटा, एक पुढून ओटीपोटाच्या हाडामागून वर काढायची आणि दुसरी जांघेतून, टीओटी म्हणतात ती. गुण दोन्हीचा जवळपास सारखाच. पुढूनवालीत लघवी अडकायचा आणि लघवीच्या पिशवीला सुई लागायचा धोका जास्त, म्हणून तिथेच दुर्बीण घालून बघतात, आणि जांघेतूनवालीत जांघ दुखणं, मांडीला बधिरपणा जास्त. माझं अर्धं आयुष्य उकिडवं बसून मासे साफ करण्यात जातं, जांघ दुखून कसं चालेल, मी पुढूनवालीच मागितली.

जाळी नको असेल तर बर्च, १९६१ पासूनची पद्धत, नळीच्या बाजूचा भाग टाके घालून हाडामागे वर उचलून धरतात, हल्ली दुर्बिणीतूनपण होते. जाऊबाईंची गर्भपिशवी काढताना पोट उघडलेलंच होतं तर तेव्हाच करून टाकली, त्यांना बरी आहे. तिसरा पर्याय म्हणजे आपल्याच पोटाच्या आवरणाची पट्टी कापून तिचाच पट्टा करायचा. परकं काही अंगात राहत नाही आणि बर्चपेक्षा गुण चांगला, पण चीर मोठी, लघवीला त्रास आणि इन्फेक्शनपण जास्त. इंजेक्शनपण असतं, नळीच्या भोवती जेल भरतात, भूल लागत नाही म्हटलं तरी चालेल, पण गुण कमी आणि परत परत घ्यावं लागतं, मला तरी पटलं नाही.

जाळीची भीती मलापण होती. ब्रिटनमध्ये २०१८ च्या जुलैत ही टेप बसवणं थांबवलं ते मुलाने मोबाईलवर दाखवलं, आणि सासूबाई म्हणाल्या बघ! अमेरिकेत २०१९ मध्ये बंद केल्या त्या मात्र अंग बाहेर येतं त्यासाठी योनीतून बसवायच्या जाळ्या, ही टेप नाही, लोक दोन्ही एकात कालवतात. तरी टेप एकदा बसली की पूर्ण काढणं फार कठीण, हे खरंच आहे, आणि कोणी तुम्हाला हे न सांगता सही घेत असेल तर उठून या.

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन, पाऊण तासही नाही लागला. त्रास नंतरचा. कॅथेटर काढल्यावर धार अशी बारीक की पुढे वाकून वाकून बसायचं, मागे किती उरतंय ते परत मोजलं, बरं आलं तेव्हा घरी सोडलं. दीड महिना कळशी नाही, पोतं नाही, नवऱ्याजवळ जाणं नाही. हे नवऱ्याला मॅडमनीच सांगितलं ते बरं झालं, नाहीतर आमच्याकडे चार दिवसांनी बाई परत चुलीपाशी.

आता खोकते, शिंकते, पोतं उचलते, कोरडी. ह्या गौरीला फुगडी घातली, पॅड न लावता. घाईची गळती आहे तशीच आहे, उलट सुरुवातीला वाढल्यासारखी वाटली, तिच्यासाठी गोळी चालू आहे आणि चहा दोन कपावर आणलाय, तो कमी करणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं.

पुढे पोरं हवी असतील तर थांबा. टेप घेतलीत तर नंतर रक्ताचे डाग, वास येणारा स्राव किंवा संबंधाच्या वेळी नवऱ्याला टोचणं, ह्यातलं काही झालं तर लाजून घरी बसू नका, पट्टी बाहेर डोकावत असेल. आणि टेपच्या खोक्यावर कंपनीचं नाव नि नंबर असलेलं स्टिकर असतं, ते डिस्चार्जच्या कागदावर चिकटवून मागा, उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तेच विचारतात.