सिटी सेंटरमधला भाड्याचा वन बीएचके : दोन वर्षं राहून झाल्यावर

शहराच्या अगदी मधोमध, ऑफिसांच्या गर्दीत दोन वर्षं भाड्याने राहिलो, गेल्या महिन्यात चावी परत केली, म्हणून आता मोकळेपणाने लिहितो. पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा ब्रोकरने खाल्ला.

भाडं जास्त असतं हे काय सांगायचं, तेवढ्याच पैशात शहराबाहेर दोन बेडरूम आणि वर बाल्कनी मिळते. पण आधी मी तिकडेच राहायचो, ऑफिसला जायला दीड तास आणि यायला दीड तास. इथून चालत 15 मिनिटं. म्हणजे रोजचे अडीच तास वाचले, महिन्याचे 22 दिवस धरले तर 55 तास. मी सरळ जुन्या-नव्या भाड्यातला फरक काढला, त्यातून प्रवासाचा खर्च वजा केला, उरलं त्याला 55 ने भागलं आणि आलेला आकडा माझ्या तासाच्या पगारापेक्षा कमी निघाला. मग काय, सही करून टाकली. भाडं पगाराच्या 30 टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात ते तेव्हाच मोडलं, पण घर आणि प्रवास मिळून 45 टक्के असाही एक हिशोब असतो, त्यात मी कसाबसा बसलो.

आता ब्रोकर. जाहिरातीत 500 स्क्वेअर फूट. राहायला गेल्यावर पहिल्या रविवारी टेप घेऊन मोजलं तर आत 345 भरले. बाकीचे 155 म्हणजे भिंती, जिना, लिफ्ट आणि खालची लॉबी, जिथे मी दोन वर्षांत एकदाही बसलो नाही. विचारलं तर म्हणे, "सर, लोकेशन बघा ना." कपाट उघडायचं तर बेड सरकवायला लागायचा, लोकेशन कुठे बघत बसू?

घर बघायलाही रविवारी दुपारी नेलं होतं, तेव्हा काय शांत! सोमवारी पहाटे कळलं की बेडरूमच्या खिडकीखालीच सिग्नल आहे आणि प्रत्येक बस तिथे ब्रेकचा फुस्स आवाज करून थांबते. त्यामुळे बघायला जाल तर वर्किंग डेला आणि रात्री जा. रविवारी उलट सगळं बंद, साधा बल्ब गेला तर दुकान सापडत नाही. पार्किंगचं भाडं वेगळं होतं, म्हणून बाईक विकली, त्याचं काही वाटलं नाही.

एकटे असाल आणि रोज ऑफिसला जात असाल तर डोळे झाकून घ्या (टेप मात्र न्या). दरवर्षी 10 टक्के वाढ असेल तर तीन वर्षांत 30 नाही, 33 टक्के होते, तेही आधीच धरा.

मी सोडलं कारण ऑफिसने आठवड्यातले तीन दिवस घरून काम सुरू केलं. महिन्यात जेमतेम 9 दिवस जायचं, 55 तासांचे साडेबावीस झाले, आणि घरमालकांचा मेसेज आला की यंदाही 10 टक्के.